जुन्या गाडीच्या इंजिनाचा आवाज : इंजिन खोलण्याआधी काय ऐकावे, काय तपासावे

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि ओम्नीचे २०१९ मध्ये. तरी यवतमाळ, वाशीम किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या गाड्यांवर नजर टाकली, तर या दोन गाड्या आणि त्यांच्या जोडीला जुनी बोलेरो, सुमो, इंडिका हमखास दिसतात. त्यांचे मालक बहुतेक शेतकरी, शिक्षक किंवा किराणा दुकानदार असतात. मोठे वर्कशॉप जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि गावातला मिस्त्री ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींमध्ये गुंतलेला असतो. अशा वेळी इंजिनातून नवा आवाज येऊ लागला की नवखा मालक एकतर काच वर करून गाडी तशीच चालवत राहतो, नाहीतर घाबरून पहिल्याच माणसाला इंजिन खोलायची परवानगी देऊन मोकळा होतो. दोन्ही गोष्टी महागात पडतात.

मी स्वतः दुसऱ्या चुकीच्या अगदी जवळ जाऊन आलो आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास माझ्या ओम्नीत खडखड सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्कशॉपमध्ये गाडी नेली, तेव्हा तिथल्या माणसाने ज्या सीटखाली इंजिन असते ती सीट उचलली, दोन मिनिटे ऐकले आणि बेअरिंग गेले असून इंजिन खोलावे लागेल, अठरा हजारांची तयारी ठेवा, असे सांगितले. कापूस अजून घरातच होता, त्यामुळे मी गाडी परत आणली. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी मात्र सीटला हातही न लावता आधी विचारले, "भाऊ, थे कवा वाजते ते सांगा. कुठं वाजते ते मी पाहून घेतो." मला उत्तर देता आले नाही. त्यांनी मला शेजारी बसवून गाडी फिरवली, क्लच दाबला, सोडला, रेस वाढवली, कमी केली, आणि शेवटी अल्टरनेटरच्या पट्टीचा एक बोल्ट दाखवला, जो बोटाने फिरत होता. बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर बसवल्यावर खडखड थांबली आणि ते इंजिन आजतागायत खोललेले नाही.

काकांचा तो प्रश्नच या लेखाचा पाया आहे. इंजिन म्हणजे एकमेकांना घट्ट जखडलेले लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम असते. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकापर्यंत सहज वाहत जातो आणि कानाला जागा चुकीची सांगतो. वेळ मात्र कान चुकीची सांगत नाही. आवाज थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत येतो की चढावर, क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हे ज्याला नेमके सांगता येते त्याचे अर्धे निदान झालेले असते.

पहिले काम : आवाजाची नोंद

म्हणून पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका, वही घ्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना बाहेर एका माणसाला उभे करा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि नोंद लिहा: सुरू होताच पहिल्या पाच सेकंदांत काय ऐकू आले, दोन मिनिटांनी काय, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर काय. मग हळूहळू रेस वाढवून आवाजाची गती इंजिनाबरोबर वाढते का ते पाहा. वाढत नसेल, तर तो आवाज बहुधा इंजिनाचा नाहीच. सैल नंबर प्लेट, बॅटरीची पट्टी, सायलेन्सरवरचा पत्रा किंवा बॉनेटचा टेकू यांचा असतो. उभ्या गाडीत आवाज नाही आणि गाडी चालू लागल्यावर चाकांच्या वेगाबरोबर तो वाढतो, तर शोध चाकांच्या बेअरिंगकडे आणि अ‍ॅक्सलकडे वळवावा लागतो. तो या लेखाचा विषय नाही.

आवाजाची गती मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारी मुख्य शाफ्ट, दोन फेरे घेते तेव्हा झडपा उघडणारी कॅमशाफ्ट एकच फेरा घेते. स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत असेल, तर क्रँकशी बांधलेला ठोका सेकंदाला सुमारे तेरा वेळा पडतो आणि एका झडपेची टिकटिक सहा-सात वेळा. तेरा ठोके मोजता येत नाहीत, पण त्यांचा सलग 'डडडड' असा नाद आणि झडपेची सुटी, मोकळी टिकटिक यांतला फरक दोन-तीन वेळा ऐकल्यावर कळू लागतो. फोनवरचे रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने लावून ऐकल्यास तो आणखी स्पष्ट होतो.

तयारी आणि सावधगिरी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. चालत्या इंजिनाजवळ वाकताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा आणि बाह्या वर करा. पट्टा आणि पुली यांच्यात कापडाचे टोक गेले तर हात ओढला जायला क्षणही लागत नाही. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा चावी चालू असताना केव्हाही आपोआप फिरू लागतो, हे विसरू नका. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आणि कितीही ऊन असले तरी दार लावलेल्या शेडमध्ये किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवून काम करू नका, कारण सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऐकण्यासाठी लांब पेचकस पुरतो. त्याचे टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आवाज हाडातून थेट ऐकू येतो. हवेतून येणारा आवाज, म्हणजे गॅस्केटची गळती किंवा फुसफुस, शोधायची असेल तर फवारणी पंपाची जुनी नळी चांगली धुऊन, वाळवून तीन फूट कापून घ्या. एक टोक कानाजवळ धरायचे आणि दुसरे संशयाच्या जागेभोवती फिरवायचे. औषधाचा वास येत असेल ती नळी मात्र वापरू नका.

सगळ्यांत आधी तेल

इतर काहीही करण्याआधी इंजिन ऑइल पाहा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली, डिपस्टिक ओढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एका लिटरचे अंतर असते. तेल खालच्या खुणेखाली असेल, तर आधी ते भरा आणि त्यानंतरच आवाज ऐका; तेलाअभावी वरच्या झडपांच्या टॅपेटपासून खालच्या क्रँकपर्यंत सगळेच वाजू शकते.

पातळीइतकाच तेलाचा रंग आणि वासही बोलका असतो. चहासारखे दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी शिरले आहे. अशी गाडी चालवू नये. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी न भरता वाढलेली असेल, तर इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरत असण्याची शक्यता मोठी असते. पातळ झालेले हे तेल बेअरिंगला आधार देत नाही आणि इंजिन वाजू लागते. इथे पंप आणि तेल दोन्ही बदलावे लागतात. फक्त तेल बदलले तर महिनाभरात तोच प्रकार पुन्हा होतो.

आपल्याकडे हवामानाची दोन टोके आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेल घट्ट असते आणि जुने इंजिन मिनिटभर टिकटिक करते. गरम झाल्यावर ती पूर्ण थांबत असेल तर काळजीचे कारण नाही. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तेल पातळ होऊन झिजलेल्या इंजिनाचा स्लोवरचा आवाज वाढतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडमध्ये राहूनच उन्हाळ्यासाठी घट्ट बाजूचा ग्रेड निवडावा. आवाज दाबण्यासाठी गिअर ऑइल किंवा घट्ट रसायने मिसळणे हे जुनी गाडी विकणाऱ्यांचे काम आहे, वापरणाऱ्याचे नव्हे. गाडी विकत घेताना थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा तो याचसाठी.

सुरू होताना फक्त दोन-तीन सेकंद खडखडाट होतो आणि मग सगळे शांत होते, असा प्रकार असेल तर फिल्टर पाहा. चांगल्या ऑइल फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, जी रात्रभर तेल फिल्टरमधून खाली उतरू देत नाही. ही झडप नसलेले किंवा ती कडक झालेले स्वस्त फिल्टर सकाळी रिकामे असतात आणि तेल वर पोहोचेपर्यंत इंजिन कोरडे वाजते.

इंजिनाबाहेरचे आवाज

जुन्या गाडीत 'इंजिनाचा' म्हणून सांगितला जाणारा आवाज इतक्या वेळा इंजिनाबाहेर निघतो, की हा टप्पा वगळून कोणालाही आत जाऊ देऊ नये.

आधी पट्टा. चर्रचर्र किंवा चिमणीसारखी चिवचिव ऐकू येत असेल, विशेषतः सकाळी किंवा हेडलाइट लावल्यावर, तर इंजिन स्लोवर ठेवून फॅन बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी शिंपडा; अल्टरनेटरवर पाणी जाऊ देऊ नका. आवाज काही क्षण थांबून परत आला, तर पट्टा गुळगुळीत झाला आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज उलट वाढला, तर पट्टा सैल असून घसरतो आहे. इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटीमीटर दबावा. त्याहून ताठ केला तर आवाज जातो, पण अल्टरनेटरचे आणि वॉटर पंपाचे बेअरिंग त्याची किंमत मोजते.

मग बेअरिंग. घरघर, जात्यासारखी घरर्र, किंवा रेस वाढवताच चढत जाणारे रडणे हे बेअरिंगचे लक्षण. इंजिन बंद करून पट्टा काढा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगली पुली मुकाट फिरते. खराब पुली बोटांना खरखर जाणवून देते किंवा आडवी डोलते. पट्टा काढलेला असताना इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहा. आवाज गेला, तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी किंवा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) यांपैकी कशात तरी आहे. मारुती ८०० मध्ये वॉटर पंप याच पट्ट्यावर चालतो, म्हणून अर्ध्या मिनिटाहून जास्त चालवू नका. पाणी फिरत नसते. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असते. तिथून कूलंटचा ओघळ किंवा वाळलेला रंगीत डाग दिसला, तर पंपाचे सील गेले आहे आणि बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही.

टायमिंग बेल्टबद्दल इथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मारुती ८०० सारख्या ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी टायमिंग बेल्ट आहे, त्यांत तो बहुधा कसलाही आवाज न करता तुटतो. 'आवाज नाही म्हणजे पट्टा चांगला' असे समजू नका. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर तो बदलाच. साखळी असलेले इंजिन मात्र आगाऊ सूचना देते: साखळी सैल झाली की सुरू होताना पुढच्या बाजूने खुळखुळ्यासारखा आवाज येतो.

त्यानंतर माउंटिंग. स्लोवर सगळी गाडी थरथरते, स्टिअरिंगवर हात बधिर होतात आणि गिअर टाकून क्लच सोडताना 'धप्' असा आवाज येतो, तेव्हा इंजिन ज्या रबरांवर बसलेले असते ती रबरे बसली किंवा फाटली आहेत का ते पाहा. दुसऱ्याला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून पाहा. गाडीच्या पुढे कधीही उभे राहू नका. इंजिन उचलून परत आपटत असेल, तर रबर सापडले.

सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची गळती नवख्या माणसाला सर्वाधिक फसवते, कारण तिचा टिकटिक आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो. फरक वेळेत आहे: थंड असताना ती मोठ्याने वाजते आणि मॅनिफोल्ड तापून फुगले की फट बुजून आवाज कमी होतो किंवा थांबतो. थंड इंजिन सुरू करून लगेच नळीने मॅनिफोल्डच्या जोडाभोवती ऐका. गळतीच्या जागी काजळीची काळी जीभही दिसते. सैल झालेला स्पार्क प्लगसुद्धा असाच फुसफुसतो. ओम्नीत इंजिन सीटखाली असल्यामुळे हा आवाज आणि त्याबरोबर धूरही आत येतो, म्हणून तिथे ही दुरुस्ती लांबवू नये.

कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात आणखी एक तपासणी वाढवा. शेडमध्ये उभ्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी आणलेल्या शेंगा आणि टरफले मी स्वतः ओंजळभर काढली आहेत, आणि पंख्याच्या पात्याला लागून फरफर वाजणारी चिंधीही. वेचणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवर सरकीच्या तंतूंचा पांढरा थर बसतो. समोरून तो धुळीसारखा दिसतो, पण नखाने सोलला तर नमद्यासारखा उलगडत येतो. हवा अडते, इंजिन तापते आणि चढावर ते किणकिणू लागते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाने पाणी मारले की तो निघतो.

क्लचची चाचणी

ही चाचणी फुकट आहे आणि दहा सेकंदांची आहे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच दाबताच आवाज सुरू होत असेल आणि सोडताच थांबत असेल, तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग झिजले आहे. उलट, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबताच थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आहे. दोन्ही वेळा इंजिन निर्दोष असते.

टॅपेट

वरच्या झाकणाखालून येणारी, रेसबरोबर वाढणारी, हलकी आणि नियमित टिकटिक ही बहुधा टॅपेटची असते. झडप दाबणारा रॉकर आणि झडप यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू लांबतो. झिजेमुळे फट वाढली की रॉकर झडपेवर आपटतो आणि वाजतो.

पण या आवाजाबद्दलचा एक मोठा गैरसमज दूर झाला पाहिजे. थोडे वाजणारे टॅपेट निरुपद्रवी असते. अजिबात न वाजणारे टॅपेट धोक्याचे असू शकते. फट फार कमी झाली की झडप पूर्ण बंद होत नाही, जळता गॅस तिच्या कडेवरून निसटतो आणि झडप जळते. एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या ओम्नीत झडपेची बैठक लवकर झिजते आणि फट वाढण्याऐवजी घटत जाते, म्हणजे इंजिन दिवसेंदिवस शांत होते आणि त्याच वेळी आतून बिघडत असते. अशा गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न पाहता, ठरावीक अंतराने मोजले पाहिजेत.

ज्या इंजिनांत स्क्रू आणि लॉकनटाची रचना आहे, त्यांत हे काम शिकणे अवघड नाही. पहिल्या वेळी मिस्त्रीकाका शेजारी असावेत. इंजिन पूर्ण थंड हवे. पुस्तिकेत थंड आणि गरम इंजिनाचे माप वेगळे असते आणि चुकीच्या स्थितीत घेतलेले माप निरुपयोगी ठरते. बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांत थंड माप ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्या, आणि मिश्रण आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांसाठी तो वेगवेगळा आहे का तेही पाहा.

झाकण काढण्याआधी त्यावरची धूळ ब्रशने झाडून, पुसून घ्या. आपल्या काळ्या मातीची चिमूटभर धूळ आत पडली तर ती कॅमला पॉलिश पेपरसारखी घासते. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन नेहमी फिरते त्याच दिशेने सावकाश फिरवा. बोटाखालून हवा जोराने बाहेर ढकलली जाऊ लागली, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे. पिस्टन अगदी वर आल्याची खूण जुळेपर्यंत फिरवत राहा. आता त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील, तर एकतर तुम्ही चुकीच्या फेरीवर आहात किंवा फट संपलेली आहे. पुन्हा बोट ठेवून खात्री करा.

फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाची) योग्य पाती रॉकर आणि झडपेच्या टोकामध्ये सरकवा. लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवत पाती अडखळत पण न वाकता सरकेपर्यंत आणा. दडपून ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यातून एखादा कागद ओढताना हाताला जेवढी अडण लागते, तेवढी हवी. मग पेचकसाने स्क्रू धरून ठेवून नट आवळा आणि पाती पुन्हा घालून पाहा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. हे पुन्हा पाहणे वगळल्यामुळेच बहुतेकांचे काम दोनदा करावे लागते. मारुती ८०० आणि ओम्नीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रज्वलनाचा क्रम १-३-२ असा असतो. म्हणजे क्रँक २४० अंश फिरवल्यावर तिसरा सिलिंडर आणि आणखी २४० अंशांनी दुसरा सिलिंडर सेट करायचा. शेवटी झाकणाचे गॅस्केट पाहा, कडक झाले असेल तर नवे लावा आणि बोल्ट हलक्या हाताने आवळा.

चढावरची किणकिण

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की डब्यात वाटाणे हलवल्यासारखा किणकिण आवाज येतो, आणि गिअर उतरवला किंवा पाय सैल केला की जातो. यात काही सैल झालेले नसते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण प्लगच्या ठिणगीपासून क्रमाने न पेटता अवचित भडकते, त्याचा तो आवाज असतो. डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) असलेल्या गाडीत टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे गेलेले असणे, सिलिंडरमध्ये कार्बन साचणे, इंजिन तापणे आणि चुकीचे प्लग ही नेहमीची कारणे. ताबडतोबीचा उपाय म्हणजे खालचा गिअर घेणे. मात्र रोज किणकिणणाऱ्या इंजिनाचे पिस्टन जळतात, त्यामुळे टायमिंग लाइट असलेल्या मिस्त्रीकडून टायमिंग तपासून घ्या.

डिझेल

जुने डिझेल इंजिन मुळातच वाजते आणि नवख्याला त्याचा नेहमीचा आवाज ओळखायलाच महिना लागतो. बदललेला आवाज एकाच सिलिंडरचा कडक ठोका असेल, तर आधी डिझेल फवारणारा नोझल संशयित धरावा. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून तो सिलिंडर बंद पाडतात. ज्या सिलिंडरवर ठोका थांबतो, त्याचा नोझल काढून तपासतात. ही चाचणी कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या रचनेवर, कधीही करू नका. तिथे डिझेलचा दाब १००० बारच्याही वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे नक्की माहीत नसेल, तर नटाला हात लावू नका.

खालचा ठोका

आता तो आवाज, ज्यासाठी गाडी थांबवायची असते. इंजिनाच्या खालच्या भागातून येणारा, जड, खोल 'ठक्-ठक्', जो गरम झाल्यावर वाढतो, रेस देऊन सोडताना अधिक स्पष्ट होतो आणि पेचकस तेलाच्या चेंबरला लावल्यावर कानात घणासारखा बसतो, तो बहुधा पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. त्यासोबत तेलाचा लाल दिवा स्लोवर लुकलुकत असेल, तर शंका जवळजवळ उरत नाही. इंजिन त्याच क्षणी बंद करा आणि गाडी ओढून न्या. वणीकडून परतताना माझ्या एका नातेवाइकांनी "आता घर जवळच आहे" म्हणून असा ठोका घेऊन गाडी चालवली. गावाच्या पाच किलोमीटर अलीकडे रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला. बेअरिंग आणि क्रँकच्या ग्राइंडिंगवर निभावले असते, तिथे अख्खे इंजिन गेले.

पिस्टनचा थापटण्यासारखा आवाज याच्याशी मिसळू देऊ नका. तो थंडीत मोठा असतो आणि पिस्टन तापून फुगले की कमी होतो. झिजलेले इंजिन असा आवाज करत बरीच वर्षे चालू शकते. थंडीत जास्त तो बहुधा पिस्टन, गरम झाल्यावर जास्त तो बेअरिंग.

पेट्रोल गाडीत ठोका कोणत्या सिलिंडरचा, हे पाहण्यासाठी इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढतात, तिला जादा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला पक्का बांधतात आणि काही सेकंदच इंजिन चालवतात. तो सिलिंडर काम करत नसताना ठोका मऊ झाला, तर बेअरिंग त्याचेच. चालत्या इंजिनाची वायर हाताने ओढू नका. झटका जबर बसतो आणि मोकळ्या वायरीमुळे कॉइल खराब होऊ शकते. सायलेन्सरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) असलेल्या गाडीत ही चाचणी टाळलेलीच बरी, कारण न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो.

इंजिन खोलायला होकार देण्याआधी एक मागणी नक्की करा: ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजून दाखवा. हे दहा मिनिटांचे काम आहे. दाब पुस्तिकेप्रमाणे भरत असेल, तर बाहेरची सगळी यादी पुन्हा एकदा तपासायला सांगा. दाब खरोखर पडलेला असेल, तर चेंबर उतरवून बेअरिंग पाहू द्या, आणि काढलेली जुनी बेअरिंगे हातात घेऊन पाहा. चांगल्या बेअरिंगचा पृष्ठभाग सगळीकडे मंद राखाडी असतो. झिजलेल्यावर तांब्याचा लालसर थर उघडा पडलेला दिसतो आणि नख फिरवले तर चरे लागतात.

मिस्त्रीकडे जाताना वही आणि फोनवरचे रेकॉर्डिंग बरोबर न्या आणि गाडी आदल्या रात्रीच त्यांच्या अंगणात लावून ठेवा, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज त्यांना स्वतः ऐकता येईल. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. पट्टा, तेल, प्लग आणि टॅपेट एकाच दिवशी केले आणि आवाज गेला, तर तो कशाने गेला हे कोणालाच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. माझ्या वहीत त्या बोल्टची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले आहेत; दर तेल बदलाच्या वेळी मी आधी त्याच बोल्टला पाना लावून पाहतो.